छत्रीचं बूड

रँडल केसिंगर या माणसाबद्दल माझ्या मनात तिळभरही असूया नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. आमच्या गल्लीत हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा स्पष्ट केलं आहे, की समोरच्या ग्लेनाबाई हल्ली मला लांबून येताना पाहूनच म्हणतात, "माहीत आहे डेल्बर्ट, तिळभरही नाही."

रँडल तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी राहायला आला. निवृत्त वैमानिक. एकटा. केस पांढरे शुभ्र, पण सगळेच्या सगळे जागच्या जागी. मी गेली तीस वर्षं विचिटातल्या शाळेत मुलांना भूगोल शिकवतो आणि माझ्या डोक्याचा नकाशा आता बहुतांशी वाळवंटी आहे. पण तो मुद्दा नाही. मुद्दा छत्रीचा आहे.

आमच्या वसाहतीत मागच्या बाजूला कुंपण घालायला बंदी आहे. माझं गवत कुठे संपतं आणि रँडलचं कुठे सुरू होतं, हे फक्त आमच्या दोघांच्या गवतकापणी यंत्रांना ठाऊक. माझ्या घरामागे काँक्रीटचा एक ओटा आहे, त्याच्याही आहे. फरक इतकाच, की त्याच्या ओट्यावर ती छत्री आहे. साधी नव्हे. खांब एका बाजूला, वरून पुढे आलेला एक वाकडा हात, आणि त्या हाताला अधांतरी लटकलेली छत्री. तिला जणू जमिनीची गरजच नाही. एक दांडी फिरवली की उघडते, दुसरी फिरवली की कलते. रँडल ती दांडी एका बोटाने फिरवतो. मी मोजलं आहे. एका बोटाने.

माझी बायको नोरीन सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. मेअखेरीस ती निवृत्त झाली आणि रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन ओट्यावर बसायला लागली. पण आमच्या ओट्यावर सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. तिसऱ्या दिवशी पलीकडून हाक आली, "नोरीन, अगं भाजून निघशील! ये की इकडे सावलीत."

ती गेली. पाच मिनिटांनी हसण्याचा आवाज आला. तिचा. चाळीस पोरांच्या बसमध्ये सत्तावीस वर्षांत जे हसू संपलं असं मी धरून चाललो होतो, ते अख्खंच्या अख्खं शिल्लक होतं आणि शेजारी खर्च होत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून एकच कप पाऊण तास विसळला.

"काय एवढं हसत होता?" ती आल्यावर मी अगदी सहज विचारलं.

"काही नाही रे. असंच."

'असंच' हा शब्द कोशातून काढून टाकावा अशा मताचा मी तेव्हापासून झालो.

पुढच्या आठवड्यात तिने जेवताना विषय काढला. "माझ्या निरोपाची पार्टी करायची म्हणतायत बसवाल्या सगळ्या जणी. वीस-बावीस होतील. रँडल म्हणाला, त्याच्याकडेच करू. त्याच्याकडे सावली आहे."

मी काटा खाली ठेवला. "माझ्या बायकोची पार्टी माझ्या ओट्यावर होईल."

"जूनमध्ये? उन्हात? बायका वितळतील अरे."

"सावली मी आणतो," मी म्हणालो.

असली वाक्यं माणसाने जेवण पूर्ण झाल्यावरच बोलावीत. उपाशीपोटी शब्दांना वजन जरा जास्तच येतं.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन तिथली सर्वांत मोठी छत्री घेतली. लालभडक. रँडलच्या छत्रीपेक्षा हातभर रुंद. (त्याची मी आदल्या दिवशी पावलांनी मोजून ठेवली होती, तो किराणा आणायला गेला असताना.) पैसे द्यायच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "आणि बूड?"

"कोणाचं?"

"छत्रीचं हो. उभी कशात करणार?"

छत्रीबरोबर तिचं बूड मिळत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे बैल विकायचा आणि पाय वेगळे विकायचे. बाईंनी मला एका वेगळ्याच दालनात नेलं. तिथे नुसती बुडंच बुडं. पाणी भरायची, वाळू भरायची, बिडाची, दगडी फरश्यांची, ओट्याला बोल्टने ठोकायची, कठड्याला आवळायची. मनुष्यजातीने या एका प्रश्नावर इतका विचार केला असेल आणि मला त्याचा पत्ताही नसावा, याचं वाईट वाटलं.

"तुमच्याकडे वारा कसा असतो?" बाईंनी विचारलं.

"मी इथलाच आहे. कॅन्ससचा."

त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "मग जितकं जड झेपेल तितकं घ्या."

मी पाण्याचं घेतलं. कारण ते रिकामं असताना हलकं होतं आणि माझी कंबर तेव्हा दुखत होती. मोठमोठे निर्णय माणूस डोक्याने घेतो असं इतिहासवाले सांगतात. मला कंबरेचा वाटा मोठा दिसतो.

छत्री उभी राहिली. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोरीनला मुद्दाम तिच्याखाली जेवायला बसवलं आणि म्हणालो, "बघ, आपल्याकडेही किती छान..." तेवढ्यात दक्षिणेकडून एक झोत आला. छत्री घाई झालेल्या पाहुण्यासारखी उठली, टेबलाची काच फोडली आणि निरोप न घेता निघून गेली. बूड गवतावर आडवं पडून गुळगुळ आवाज करत पाणी ओकत राहिलं. नोरीनच्या केसांत कोबीचं सॅलड होतं. ती एकेक तुकडा वेचून बशीच्या कडेला ठेवत होती. ते फार वाईट होतं.

थोड्या वेळाने रँडल खांद्यावर छत्री टाकून आला. "डेल्बर्ट, ही तुझीच ना?"

जणू त्या दुपारी विचिटाच्या आकाशात लाल छत्र्यांची रांग लागली होती. पण तो हसला नाही. जराही नाही. उलट काचा वेचायला खाली बसला. तो हसला असता तर निदान मला चिडता तरी आलं असतं. चांगल्या वागणाऱ्या शेजाऱ्याइतकं निर्दय कोणी नसतं.

मग सल्ले सुरू झाले. ग्लेनाबाई रस्ता ओलांडून आल्या. "पाणी काय भरता? पाणी म्हणजे काय वजन आहे का? वाळू भरा, वाळू! माझ्या बहिणीकडे ओक्लाहोमाला वाळूच आहे, तुफानात बहिणीचं छप्पर गेलं पण छत्री राहिली." कोपऱ्यावरचे टटलआजोबा आले. त्यांची उभी हयात धान्याची कोठारं बांधण्यात गेलेली. एक्क्याऐंशीव्या वर्षीही खिशात ओळंबा बाळगतात. त्यांनी माझ्या वहीत त्रिकोण काढला, त्यावर बाण काढले आणि म्हणाले, "छत्री म्हणजे शीड. तुम्ही ओटा घेऊन गावभर फिरायला निघाला आहात, मास्तर."

मी वाळूची पोती आणली. तेव्हा कळलं की त्या बुडाचं भोक पाण्यासाठी केलेलं आहे. त्यातून करंगळी जाते, अंगठा अडतो. मी नोरीनचं जॅम भरायचं नरसाळं घेतलं. वाळू दमट होती, ती नरसाळ्यात बसली आणि उठायला तयार होईना. मी चमच्याने ढोसलं, विणायच्या सुईने ढोसलं, शेवटी तोंडाने फुंकर मारली. ती वाळू माझ्या डोळ्यांत आली. तीन तासांनी बूड निम्मं भरलं होतं आणि पलीकडून सकाळचं ते हसणं ऐकू येत होतं. मी डोळे धुवायला गेलो तेव्हा ते थांबलं. परत आलो, पुन्हा सुरू झालं.

वाळूवर छत्री पडली नाही, एवढं मान्य करायला हवं. ती फिरायला लागली. वारा आला की हळूहळू ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, फिरत फिरत, घर पाहायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी. एके सकाळी ती मला स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराला टेकून आत डोकावताना आढळली.

"बोल्टने ठोका," टटलआजोबा म्हणाले. "दुसरा उपाय नाही."

ओट्यात भोकं पाडायची म्हणजे वसाहतीच्या समितीची परवानगी. अध्यक्षा व्हर्लीन हॅचबाई. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावरच कार्यालय. माझा अर्ज त्यांनी चष्मा पुढे-मागे करत वाचला.

"हे स्थावर बांधकाम झालं, स्ट्राउडसाहेब."

"बाई, छत्री आहे."

"ठोकली की स्थावर. ओट्याचा नकाशा लागेल. छत्रीच्या कापडाचा तुकडा लागेल. रंग कोणता?"

"लाल."

त्यांनी एक यादी सरकवली. मंजूर रंग चार होते: वाळू, ओली वाळू, गहू आणि पिकलेला गहू. "आणि लगतच्या शेजाऱ्याची सही लागेल. हरकत नसल्याची."

"लगतच्या म्हणजे..."

"केसिंगर. किती सज्जन गृहस्थ, नाही? त्यांनी छत्री घेतली तेव्हा आधी येऊन रंग दाखवून गेले होते."

मी तो कागद चार दिवस खिशात वागवला. मग रँडलच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने कागद वाचलाही नाही, दाराच्या चौकटीवर ठेवून स्वतःच्या पेनाने सही केली. सहीसुद्धा देखणी.

"अरे पण कशाला एवढा त्रास?" तो म्हणाला. "माझ्या गॅरेजमध्ये बिडाचं एक जुनं बूड पडलंय. भक्कम आहे. घेऊन जा ना."

माझ्या सगळ्या अडचणींचं उत्तर त्या गॅरेजमध्ये पडलेलं होतं. फुकट. माझ्या घरापासून वीस पावलांवर.

"नको," मी म्हणालो. "माझं ठरलेलं आहे."

घरी येऊन मी हे नोरीनला सांगितलं नाही. रँडलने सांगितलं. दुसऱ्या दिवशी, सावलीत.

समितीची पुढची बैठक पार्टीनंतर होती. मी हॅचबाईंना फोन केला, विनवण्या केल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "हे पाहा, जी वस्तू हलवता येते तिच्याशी समितीचा संबंध नाही. रंगाचाही नाही."

झालं! मला मार्ग सापडला. मी गॅरेजमध्ये कपडे धुवायचा जुना पत्र्याचा टब ठेवला, मधोमध लोखंडी नळी उभी केली आणि काँक्रीट कालवून ओतलं. हलवता येणारी वस्तू. तत्त्वतः. टटलआजोबा ओळंबा धरून नळी सरळ आहे का बघत होते आणि मी नळी धरून होतो. एवढ्यात नोरीनची आतून हाक आली, "अरे, खुर्च्या किती मागवू?" मी दारापर्यंत गेलो. बावीस की चोवीस यावर आमचं थोडं बोलणं झालं. आजोबांना वाटलं, नळी मी कशाला तरी टेकवून गेलो आहे. ते पाणी प्यायला गेले.

सकाळी काँक्रीट दगड झालं होतं आणि नळी कलली होती. फार नाही. पण मास्तरांनी पाठ फिरवताच मागच्या बाकावरचा मुलगा जेवढा शेजाऱ्याच्या वहीकडे कलतो, तेवढी नक्की.

आता पार्टीला एकच दिवस राहिला होता. मी टब ढकलून पाहिला. टब जागचा हलला नाही, कंबर हलली. मी तसाच वाकून उभा असताना गॅरेजच्या दारात रँडल दिसला, हातात सामान वाहायची दोन चाकी ढकलगाडी. मी बोलावलं नव्हतं.

"नोरीन म्हणाली, लागेल," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी मिळून ते धूड गाडीवर चढवलं, घराला वळसा घालून मागे नेलं. ओट्याच्या कडेला, रँडलच्या बाजूच्या कडेला, गाडीचं चाक मोडलं. टब धप्पकन खाली बसला. तिथून तो पुढे हलला नाही, आणि माझ्या हयातीत हलेल असं वाटत नाही. नळी पूर्वेकडे, म्हणजे रँडलच्या गवताकडे कललेली. उलटी फिरवली असती तर छत्रीने स्वयंपाकघराचं दार बंद केलं असतं.

"छान बसलंय," रँडल घाम पुसत म्हणाला. "याला आता टॉर्नेडोही विचारून हात लावेल."

मोडलेलं चाक काखेत मारून तो गेला. मी गाडीचे पैसे भरून देतो म्हणालो, तर हात झटकून म्हणाला, "अरे सोड."

पार्टीच्या दिवशी सकाळी नऊला मी छत्री उघडली. लाल, प्रचंड, काहीशी झिंगलेली, पण पायात घट्ट. आणि सावली? सावली नेमकी आमच्या ओट्यावर! नोरीन कॉफी घेऊन आली आणि बसली. आमच्या सावलीत. पहिल्यांदा.

"छान आहे रे," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "नोरीन, खरं सांग. त्याच्याशी बोलताना एवढं काय हसतेस?"

तिने कप खाली ठेवला. मग हसू दाबताना तिचे ओठ हलायला लागले. "तुला."

"मला?"

"अरे, त्याच्या छत्रीखालून आपलं सगळं दिसतं. पाण्याचा दिवस, वाळूचा दिवस. तू नरसाळ्यात फुंकर मारलीस ना..." तिला पुढे बोलवेना. डोळे पुसून ती म्हणाली, "तो रोज विचारतो, आज काय झालं? मी सांगते. दोघं हसतो. आणि काल काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, माझ्यासाठी कोणी कधी एक वीटसुद्धा उचलली नाही, नोरीन. हा माणूस तुझ्यासाठी दगड ओतून बसलाय."

यावर काय वाटून घ्यावं ते मला ठरवता येईना. जिच्यावर मी इतके दिवस जळत होतो ती मजा माझ्याच जिवावर चालली होती. अपमान वाटला. आणि त्याच वेळी, मान्य करतो, जरा बरंही वाटलं. दोन्ही एकदम. मी कॉफी आणायला उठलो, कारण अशा वेळी चेहरा कुठे ठेवावा ते मला कधीच कळलेलं नाही.

चार वाजता बसवाल्या आल्या. चोवीस जणी, सगळ्यांचे आवाज चाळीस पोरांवरून जाण्याइतके कमावलेले. कोणी बटाट्याचं सॅलड आणलं, कोणी पीचचा गोड पदार्थ, मसाला भरलेली अंडी तर तिघींनी. मी शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजत होतो. आणि पाहतो तर ओट्यावर लख्ख ऊन.

मी वर पाहिलं. छत्री जागेवर होती. सावली नव्हती. सावली ओट्याच्या पलीकडे, गवतावरून सरकत, थेट रँडलच्या अंगणात जाऊन पसरली होती. ऐसपैस, गार, हातभर जास्त रुंद.

"मास्तर," टटलआजोबा माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "सूर्य दुपारी पश्चिमेला जातो. तुम्ही भूगोल शिकवता ना?"

मी चिमट्याने एक बरगडी उलटवली. ती आधीच उलटवलेली होती.

बायकांनी भूगोलाची वाट पाहिली नाही. प्रत्येकीने आपापली खुर्ची उचलली आणि सावली जिकडे होती तिकडे नेऊन मांडली. मधोमध नोरीन. पाच मिनिटांत माझ्या बायकोची पार्टी शेजाऱ्याच्या गवतावर रंगली होती आणि मी माझ्या ओट्यावर धुरात एकटा. रँडलही धावत आला. जागा कमी पडू नये म्हणून त्याने आपलीही छत्री उघडली. एका बोटाने.

साडेचारला वारा उठला.

आधी कागदी बशा गेल्या. मग ग्लेनाबाईंची टोपी. मग कडाड असा आवाज झाला आणि रँडलच्या छत्रीचा तो ऐटदार हात कोपरात मोडला. छत्री एकदा फडफडली आणि मान टाकून त्याच्या ओट्यावर पडली. माझी लाल छत्री भणभणली, थरथरली, पण बुडाने जागा सोडली नाही. तसूभर नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतके दिवस मी रोज रात्री झोपताना हेच दृश्य डोळ्यांपुढे आणत होतो. तो आनंद चांगला दोन-तीन मिनिटं टिकला. मग मी रँडलकडे पाहिलं. तो उन्हात एकटाच उभा होता आणि हातातली सुटलेली दांडी फिरवत होता. दांडी फिरत होती, तिच्या टोकाला काही नव्हतं. त्याचे ते पांढरे केस सगळे उभे राहिले होते आणि पहिल्यांदाच तो मला म्हातारा दिसला.

नोरीनने माझ्याकडे पाहिलं. बस चालवताना आरशातून मागच्या पोरांकडे बघायची तिची एक नजर आहे. ओरडत नाही, नुसती बघते, आणि पोरं आपोआप नीट बसतात.

मी चिमटा ठेवला. घडीची एक खुर्ची उचलली, गवतातली ती न दिसणारी रेघ ओलांडली आणि नोरीनच्या शेजारी, सावलीच्या अगदी मधोमध, उघडून ठेवली.

"रँडल," मी म्हणालो, "ये. उन्हात काय उभा राहिलास? बस आमच्यात."

असा मी त्याला, त्याच्याच अंगणात, माझ्या सावलीत बसायचं आमंत्रण दिलं. तो आला. दांडी बाजूला ठेवली. "थँक्यू डेल्बर्ट," तो म्हणाला, आणि इतक्या मनापासून म्हणाला की दोन बसवाल्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. मी बरगड्यांची बशी पुढे केली. त्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असं जेवण मी गेल्या दहा वर्षांत जेवलो नाही!" मग माझ्या बुडाचं कौतुक केलं. मग नोरीनच्या सत्तावीस वर्षांबद्दल चार वाक्यं बोलला, तीही अशी नेमकी, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी आदल्या दिवशी तयार केलेलं भाषण खिशातल्या खिशात चुरगाळलं.

म्हणजे पाहुणा म्हणूनसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगलाच निघाला.